नर्गिसचे गड्डे

कांदेनवमीच्या दुपारी तुळशीराम विठ्ठलमंदिरातून घरी आला, तेव्हा आळीभर भज्यांचा वास सुटला होता. त्यानं नेहमीसारखं उपरणं नाकाला लावलं. गळ्यात माळ पडल्यापासून कांदा त्याच्या तोंडी गेला नव्हता. पण घरच्यांना त्यानं कधी अडवलं नाही. परवा आषाढी एकादशी, मग चातुर्मास. चार महिने कांदा-लसूण बंद. तेव्हा नवमीला घरातला कांदा खाऊन, वाटून संपवायचा, ही आपल्याकडची रीत. देवाला चार महिने द्यायचे, तर जिभेनं एक दिवस मागितला म्हणून काय बिघडलं, असं तो म्हणायचा.

आज तर तो खुशीत होता. एकादशीच्या कीर्तनाला नारायणबुवा यायचे होते. देवळातली जाजमं झाडून, समया घासून, बुवांच्या बैठकीची जागा सारवून तो आला होता. बुवा प्रल्हादाचं आख्यान लावणार, अशी बातमी होती. ते आख्यान तुळशीरामानं किती वेळा ऐकलं असेल देव जाणे. पण बुवांनी चिपळ्या उचलल्या की त्याला वाटायचं, हे आपण आज पहिल्यांदाच ऐकतोय.

ओटीवर पाय ठेवताना सवयीनं त्याची नजर आढ्याकडे गेली. तिथं टांगलेली टोपली नव्हती. ती खाली, भिंतीशी उपडी पडली होती, आणि तिच्यातली राख सारवलेल्या जमिनीवर सांडली होती.

त्या टोपलीत नर्गिसचे गड्डे होते.

फार वर्षांपूर्वी तो बुलढाण्याला भाजी विकायला जायचा, तेव्हा तिथल्या एका बंगल्यावरच्या म्हाताऱ्या माळ्यानं त्याला ओंजळभर गड्डे दिले होते. लिंबापेक्षा लहान, वर तपकिरी पापुद्रा, मानेशी निमुळते. दसरा झाला की विहिरीजवळच्या वाफ्यात नदीची वाळू आणि जुनं शेणखत मिसळून तुळशीराम ते लावायचा. पौषाच्या थंडीत हिरवी पात वर यायची, मग दांडे. माघात फुलं उमलायची. पांढऱ्या पाकळ्या आणि मधोमध इवलीशी पिवळी वाटी. वसंतपंचमीला, विठ्ठल-रखुमाईच्या लग्नाच्या दिवशी, पहिली फुलं देवाच्या पायांवर जायची. वास असा की कीर्तनाला बसलेला शेवटचा माणूसही मान वर करून पाहायचा. फुलं सरली तरी तुळशीराम पात कापत नसे. ती आपली आपण पिवळी पडू द्यायची. तेवढ्या दिवसांत गड्डा पुढच्या वर्षासाठी पोट भरून घेतो. चैत्रात माती उकरून गड्डे काढायचे, राखेत घोळवायचे आणि टोपलीत घालून उंच टांगायचे.

उंच टांगायचे, कारण माळ्यानं देताना बजावलं होतं, "देखो भाई, फूल देवता का, मगर गड्डा जहर है. बकरी के मुँह को नहीं लगना चाहिए." तुळशीरामानं ते शब्द मनात पक्के धरले होते. बकरी, वासरू, गाय, सगळ्यांपासून त्यानं गड्डे जपले. माणसांना सांगायचं मात्र त्याला कधी सुचलं नाही. फुलाचा गड्डा कोण खाईल?

"सूनबाई," त्यानं हाक मारली, "हे टोपली कोनं उतरवली?"

स्वयंपाकघराच्या दारात गोजर आली. वैशाखात लग्न होऊन आलेली सून. नर्गिसची फुलं तिनं पाहिलीच नव्हती. ती आली तेव्हा गड्डे टोपलीत जाऊन महिना लोटला होता. डोक्यावरचा पदर सावरत ती म्हणाली, "म्या उतरवली, मामाजी. आत्याबाईनं सांगतलं, घरात एकबी कांदा राहू देऊ नको. वर पाह्यलं तं हे बारके कांदे दिसले."

"भज्यात टाकले?"

"नाई जी. बारके सोलाले लय येळ लागते. ते खडी फोडनारी बनाबाई पान्याले आली व्हती, तिच्या ओच्यात टाकून देल्ले सारे. म्हनलं, गरिबाच्या पोटात जातीन."

तुळशीरामाच्या छातीतून एक श्वास मोकळा झाला. म्हणजे आपल्या घरात कुणी खाल्लं नाही. आणि दुसऱ्याच क्षणी त्या सुटकेची त्याला इतकी लाज वाटली की तो खांबाला धरून खाली बसला.

"अवो, काय झालं?" कढईपुढून त्याची बायको सोजराबाई झारा घेऊनच बाहेर आली. "चक्कर आली काय?"

"कांदे नव्हते वं ते. नर्गिस होय."

"मंग? फूलच तं होय."

"फूल देवाचं. गड्डा जहर होय."

सोजराबाईच्या हातातल्या झाऱ्यावरून तेल टपकत राहिलं. "जहर? अन् येवढी वर्सं तुम्ही ते माह्या डोक्यावर टांगून ठेवलं?"

"बकरीच्या तोंडी लागू नये म्हनून तं वर टांगलं."

"हाव! बकरीची काळजी केली. आमाले चार पाय नाईत, म्हनून सांगतलं नाई!"

एरवी तो यावर हसला असता. गोजर भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मामाजी," ती कशीबशी म्हणाली, "तिची पोरगी बी व्हती संगं. मंजी. तिच्या हातात म्या एक गड्डा देल्ला व्हता. खेळाले."

तुळशीराम उठला. वहाणा शोधायलाही थांबला नाही. "भगवानले वावरातून बलाव. गाडी जुंपून नाल्यावर ये म्हना," मुलासाठी एवढा निरोप ठेवून तो निघाला.

नवं राज्य झाल्यापासून रस्त्यांची कामं निघाली होती. गावाजवळून दुसरबीडकडे जाणाऱ्या सडकेवर खडी पडत होती. यंदा पावसानं ओढ दिली होती, म्हणून आषाढ लागला तरी काम थांबलं नव्हतं. खडी फोडणाऱ्यांची पालं नाल्याच्या काठी होती, आणि बनाबाई रोज तुळशीरामाच्या विहिरीवर पाण्याला यायची. मंजी तिच्या लुगड्याचा काठ धरून मागे असायची. तुळशीरामाला पाहिलं की "राम राम, आबा," म्हणून आईमागे लपायची.

नाल्याशी तो पोहोचला, तर पालं नव्हती. खुंट्यांची भोकं, तीन-तीन दगडांच्या चुली आणि एका बाभळीला अडकलेली चिंधी. त्यानं चुलीत हात घातला. राख गार होती. गुडघे टेकून त्यानं आजूबाजूला गड्ड्याची सालं शोधली. सालं नव्हती. म्हणजे इथं सोलले नाहीत. म्हणजे कुठंतरी पुढं, आज संध्याकाळच्या चुलीवर.

तो सडकेला लागला. ऊन पिवळं झालं होतं, ढगांच्या कडा काळ्या. अनवाणी पायांना नवी खडी टोचत होती. मागून सायकलची घंटी वाजली. गावातले दुकानदार महादेवराव दुसरबीडला निघाले होते.

"काय माळकरी!" ते लांबूनच ओरडले. "कांद्याच्या वासानं गाव सोडून पळून राह्यले काय?"

"महादेवराव, मले मांगं बसवा. पालं कुठी गेली?"

"ठेकेदारानं दुपारी हलवली. पुढच्या खदानीपाशी. काऊन? कोनी काही चोरलं काय?"

"नाई. आमीच देल्लं." आणि मागच्या सीटवर बसता बसता त्यानं सगळं सांगितलं.

महादेवरावांनी सायकल दामटली. फक्त पायडलचा करकर आवाज आणि त्यांचा चढलेला श्वास.

सीट घट्ट धरून बसलेल्या तुळशीरामाच्या डोळ्यांपुढं प्रल्हाद उभा राहिला. विषाचा पेला ओठांना लावणारा. त्या जागी बुवा चिपळ्या थांबवतात, सगळं देऊळ श्वास धरतं. पण खरं सांगायचं तर तिथं कुणी घाबरत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं, देव येणार आहे. डोळ्यांत पाणी येतं, तेही गोड असतं. आज पहिल्यांदा त्याला कळलं की पेला पिणाऱ्या लेकराच्या आईला पुढचं आख्यान ठाऊक नसतं. त्यानं "विठ्ठल, विठ्ठल" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. देवाला काय मागावं? तुझ्याच पायांवर वाहिलेल्या फुलाचं विष मागं घे, असं?

खदानीजवळ धूर दिसला. संध्याकाळच्या चुली पेटल्या होत्या. फोडणीचा वास आला, आणि महादेवरावांनी ब्रेक लावायच्या आधीच तुळशीरामानं उडी टाकली.

"खाऊ नका! कोनी काही खाऊ नका!"

पालांमधून माणसं बाहेर आली. घामानं काळवंडलेल्या बाया, हातोडे पडून बोटं चेचलेले बाप्ये. बनाबाई चुलीपुढं उकिडवी बसली होती. तिच्या मडक्यात कालवण रटरटत होतं, शेजारी तपकिरी सालांचा ढीग.

"कांदे दिले ते परत न्यायला आलात व्हय?" एक म्हातारी हसली. "माळकऱ्याचा दानधर्म संध्याकाळपर्यंतच असतो काय गं?"

"ते कांदे नाईत, माय. फुलाचे गड्डे होत. जहर हाये त्याच्यात. माही सून नवी, तिले माहीत नव्हतं. म्या सांगतलं नव्हतं."

हसू जिथल्या तिथं थांबलं. बनाबाई हळूच उठली. मडक्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"म्या तर वाटून दिले," ती म्हणाली. "सगळ्या पालांत."

"किती होते?" महादेवरावांनी विचारलं.

ते तुळशीरामालाही ठाऊक नव्हतं. त्यानं गड्डे कधी मोजले नव्हते. मागेल त्याला दोन-चार देत आला होता. आता न मोजल्याची भीती त्याच्या पायांतून वर चढली. कुठला गड्डा कुठल्या मडक्यात, कुठला कुणाच्या मुठीत, कसं कळावं? तो चुलीचुलीपाशी जाऊन हात जोडत सुटला. "ओतून द्या, माय. मडकं ओतून द्या. कोनी चाखलं काय? मिठासाठी जिभेवर घेतलं काय?"

दिवसभर दगड फोडून आलेल्यांना हातानं जेवण मातीत ओतायला सांगणं सोपं नसतं. एकानं मडकं धरून ठेवलं. "माझी पोरं काय खातील मग? तुमचा विठोबा?" पण ज्या म्हातारीनं थट्टा केली होती, तिनंच आपलं मडकं आधी पालथं केलं, आणि मग बाकीच्यांनी. कुणी अजून जेवलं नव्हतं. बाप्यांची आंघोळ व्हायची होती म्हणून बाया थांबल्या होत्या.

"मंजी कुठी हाये?" तुळशीरामानं विचारलं.

बनाबाईनं इकडे तिकडे पाहिलं. "इथंच तर व्हती. मघाशी हातात घेऊन बसली व्हती, सोलत..."

पालामागं दगडांच्या ढिगाशी मंजी पडली होती. तोंडातून लाळेची तार जमिनीला टेकलेली, ओठ लाल सुजलेले. मुठीत अर्धा गड्डा होता. त्यावर दातांच्या खुणा होत्या.

बनाबाईची किंकाळी खदानीत घुमून परत आली. तिनं पोरीला उचललं, तेवढ्यात पोरगी ओकली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा नुसतं पाणी आलं. हातपाय गार पडले होते.

"ओकू द्या," महादेवराव म्हणाले. "निघू द्या बाहेर." पण त्यांना तरी त्यातलं काय कळत होतं?

तुळशीरामानं घागरीतलं पाणी आणलं, मंजीचं तोंड धुवायला खाली वाकला. बनाबाईनं त्याचा हात झटकला.

"हात लावू नका."

तो मागे सरला. पाणी तिच्या हाताशी ठेवलं आणि दोन पावलं दूर जमिनीवर बसला. बनाबाई आपल्या पदरानं पोरीचं तोंड पुसत होती, पाणी पाजत होती. पाणी पोटात टिकत नव्हतं. मंजीचे डोळे अर्धे मिटलेले. मधूनच ती उचकी लागल्यासारखी हलायची, आणि पालातली सगळी माणसं एकदम पुढं झुकायची.

महादेवराव सायकलवरून दुसरबीडच्या डॉक्टरांना आणायला गेले. तुळशीराम बसून राहिला. इतकी कीर्तनं ऐकली, पण आज एक ओळ आठवेना. नुसतं मंजीच्या पोटाकडे पाहत राहिला. ते वर येतं का, खाली जातं का. वर आलं की तो श्वास घ्यायचा. खाली गेलं की थांबायचा.

सूर्य टेकडीआड जाताना बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला. नाल्यावर पालं न दिसल्यानं भगवान सडकेनं पुढं गाडी हाकत आला होता, मागं गोजर बसली होती. मांडीवर फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणि पिठल्याचं पातेलं.

"बनाबाई," तुळशीराम दुरूनच म्हणाला, "गाडी आली. पोरीले घेऊन बस. डाक्तर वाटेतच भेटन."

"तुमच्या गाडीत नाही बसायचं मला."

"बाई, येळ चालला हो."

"तुमच्या घरचं घेतलं तवाच माझ्या लेकराला हे झालं. आता काय द्यायला आणलंत?"

गोजर गाडीतून उतरली. तिनं फडकं सोडलं. ओतलेल्या मडक्यांकडे पाहून तिला समजलं, इथं कुणाच्या पोटात काही नाही. तिनं भाकऱ्या पुढं केल्या. एकही हात पुढं आला नाही. भुकेली पोरंसुद्धा आयांच्या पायांना चिकटून भाकरीकडे अशी पाहत होती, जशी ती चावेल.

गोजर तिथंच धुळीत बसली. सासऱ्यासमोर तिनं कधी घास तोंडात घातला नव्हता. रोज सगळ्यांच्या मागून, चुलीआड बसून जेवायची. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, वरच्या भाकरीचा कोपरा मोडला, पिठल्यात बुडवला आणि तोंडात घातला. चावला. गिळला. दुसऱ्या भाकरीचा कोपरा मोडला. मग तिसरीचा. डोळ्यांतलं पाणी गालावरून तोंडात जात होतं, आणि ती तशीच खात होती. तिच्या जबड्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता.

तुळशीरामानं मान खाली घातली. सून जेवताना सासऱ्यानं पाहू नये म्हणून. आणि आपण जे करायला हवं होतं ते ही पोर करते आहे म्हणूनही.

"सगळ्याच भाकरी खाशील तर तुझंच पोट फुटंल की गं," म्हातारी शेवटी म्हणाली. पुढं येऊन तिनं एक भाकरी उचलली, आपल्या नातवंडांत वाटली. मग एकेक करून बाकीची आली.

बनाबाई पोरीला छातीशी धरून हे पाहत होती. मंजीला पुन्हा एक उबळ आली. या वेळी काहीच बाहेर पडलं नाही. बनाबाई उठली आणि गाडीकडे चालू लागली. गोजरनं हात पुढं केला. बनाबाईनं तो धरला नाही, पण पोरगी तेवढ्यापुरती तिच्याकडे दिली, स्वतः चढली आणि लगेच परत घेतली. म्हातारीनं मागून अर्धी भाकरी तिच्या मांडीवर टाकली.

गाडी निघाली. तुळशीराम मागच्या फळीला हात लावून चालत होता. खडी टोचत होती, ते बरं वाटत होतं. उजेड विझत चालला होता आणि दुसरबीडच्या बाजूला एक-दोन कंदील दिसू लागले होते. गोजर मंजीचे गार तळवे आपल्या हातांत घेऊन चोळत होती. बनाबाईनं ते चोळू दिले.

बऱ्याच अंतरावर गेल्यावर गोजर हळूच म्हणाली, "हात गरम झाले, मामाजी."

तुळशीराम फळी धरून चालत राहिला. विश्वास ठेवायची त्याला भीती वाटत होती.

मंजीनं डोळे उघडले. आधी आईकडे पाहिलं, मग गोजरकडे, मग फळीमागून डोकावणाऱ्या तुळशीरामाकडे. सुजलेल्या ओठांतून शब्द नीट निघत नव्हते.

"माय, तोंड पोळतंय." आणि थोड्या वेळानं, "भूक लागली."

बनाबाईनं मांडीवरच्या भाकरीकडे पाहिलं. समोर बसलेल्या गोजरकडे पाहिलं. आपल्या डोळ्यांदेखत हिनं प्रत्येक भाकरीचा घास खाल्ला होता. तरीही तिनं तुकडा मोडून आधी आपल्या जिभेवर ठेवला आणि तशीच थांबली. बैलही जणू हळू चालत होते. तुळशीरामानं फळी घट्ट धरली.

मग बनाबाईनं तो तुकडा चावून मऊ केला आणि लेकीच्या तोंडात दिला.